दारावरची जमीन

बाबा तव्यावर माती भाजत होते आणि आई खांद्यावरची पिशवी तशीच ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती नुकतीच कामावरून आली होती. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात ती आल्टरेशनला बसते. दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करून आलेल्या बाईला घरी आल्यावर गॅसवर माती दिसली, तर तिने काय करावं?

"तो माझा तवा आहे," आई म्हणाली.

बाबांनी मान हलवली. उलथनं थांबलं नाही. माती पसरायची, गोळा करायची, परत पसरायची. घरभर तापलेल्या इस्त्रीसारखा वास सुटला होता.

मग मी मध्ये पडले, कारण हल्ली आमच्या घरात मध्ये पडायचं काम माझ्याकडेच आहे. आईला समजावून सांगितलं की बाहेरची माती तशीच वापरता येत नाही, तिच्यात किड्यांची अंडी असतात, बिया असतात, ओल असते. भाजली नाही तर महिन्याभरात आपल्या आगगाडीच्या देखाव्यावर खरीखुरी मुंग्यांची वसाहत होईल. चहाच्या चोथ्याचं काय झालं ते तिला आठवत होतंच. तो आम्ही नीट न वाळवता चिकटवला होता, आणि चार दिवसांत सगळीकडे पांढरी लव उगवली होती.

आईने सगळं ऐकून घेतलं. पिशवी खुंटीला लावली.

"बरं," ती म्हणाली. "मग रात्री तीच वाढते."

यावर बाबा पूर्वी काहीतरी बोलले असते. मीठ कमी आहे, असं काहीतरी. आता त्यांनी गॅस बंद केला, माती ताटात ओतली आणि तवा घासायला घेतला.

माझे बाबा रेल्वेचे इंजिन ड्रायव्हर आहेत. वार्षिक परीक्षेच्या सुमाराला एका सकाळी त्यांच्या गाडीसमोर एक बाई आली. ती चुकून आली की मुद्दाम, की तिला ऐकूच आलं नाही, हे कुणालाच ठरवता आलं नाही. तिचं नावही आम्हाला कुणी सांगितलं नाही. बाबांनी ब्रेक लावला, शेजारी बसलेल्या सहायक काकांनी शिट्टी सोडली, आणि गाडी जिथे थांबायची तिथे थांबली. म्हणजे बरीच पुढे. चौकशीत बाबांची काही चूक निघाली नाही. हे वाक्य आम्हाला इतक्या लोकांनी इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी ते दारावरच्या पाटीसारखं झालं, दिसतं पण कुणी वाचत नाही.

तेव्हापासून बाबा रजेवर होते. ते रडले नाहीत, ओरडले नाहीत, दारूला तर ते शिवतच नाहीत. ते नुसते बसायचे. जेव म्हटलं की जेवायचे. रेल्वेच्या दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं, हाताला काहीतरी काम द्या. त्या रात्री बाबांनी माळ्यावरून माझी खेळण्यातली आगगाडी काढली. मी पाच वर्षांची असताना त्यांनीच आणलेली. विजेवर चालणारी, एक इंजिन, तीन डबे आणि लंबगोल रूळ. न्हाणीघराचं जुनं दार बदललं होतं, ते बाहेरच्या खोलीत दोन स्टुलांवर आडवं टाकून त्यांनी त्यावर रूळ ठोकले. मला वाटलं, चला, आता गाडी पळणार. पण इंजिन खोक्यातच राहिलं. बाबा त्या रुळांकडे बघत बसले आणि मग म्हणाले, "खाली जमीन पाहिजे."

तर ती जमीन आम्ही करत होतो.

आम्ही म्हणजे खरं तर ते. माझी बाजू वेगळी होती. झालं असं की बाबांनी रुळाच्या एकाच बाजूला काम सुरू केलं. तेही सगळीकडे नाही. रुळाला लागून एक पट्टा, माणूस चालेल इतकाच रुंद, दाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दुसरी बाजू कोरी. मी विचारलं, हे काय, अर्धवट? तर म्हणाले, "ती बाजू तू कर. तुझ्या मनानं."

मला माझ्या मनानं म्हटलं की काय होतं ते सगळ्या शाळेला माहीत आहे. लाकडाचा भुसा कपड्यांच्या रंगात बुडवला, तो झाला पोपटी. इतका पोपटी की आई म्हणाली, याच्यावर बसलं तर साडीला डाग पडेल. मग त्यावर नेलपॉलिशची फुलं काढली, लाल, जांभळी, चंदेरीसुद्धा. गोंदाचं तळं केलं, ते आजही वाळलेलं नाही, बोट लावलं की चिकटतं. दाराच्या कडीचं भोक होतं, त्याची विहीर केली. बाबा माझ्या बाजूला येऊन वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, असं गवत कुठे असतं का गं.

"विहिरीला कठडा कर," ते म्हणाले. "कुणी पडेल."

मी काडेपेटीच्या काड्यांचा कठडा केला.

त्यांच्या बाजूचं काम मात्र बघण्यासारखं होतं. भाजलेली माती ते तीनदा चाळायचे, शेवटची चाळण आईच्या जुन्या पायमोज्यातून. मग ती हलक्या हाताने पसरायची, वर पाण्याचा फवारा मारायचा, आणि मग गोंदाचं पाणी. त्या पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालावा लागतो, नाहीतर गोंद मातीत मुरत नाही, वर मण्यासारखा गोळा होऊन बसतो. हे पाणी ते कानात औषध घालायच्या ड्रॉपरने सोडायचे, थेंब थेंब. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांसाठी मिळते त्या बारीक वाळूची त्यांनी खडी केली, आणि रुळाजवळची खडी पाण्यात पातळ केलेल्या तपकिरी रंगाने रंगवली, कारण ब्रेकचं लोखंड झिजून खडीवर बसतं म्हणे. सुतळी बारीक कातरून वाळकं गवत. एका ठिकाणी ते काळं केलेलं, जळल्यासारखं. खडूची पिवळी पूड सुईच्या टोकाने ठेवून फुलं. चॉकलेटच्या चांदीचा तुकडा दाबून चेपलेला डबा. निळ्या पिशवीची एक चिंधी, माझ्या नखाएवढी.

मी विचारायचे, इथे फुलं किती? ते डोळे मिटायचे आणि सांगायचे. दोन इथे, मग मोकळं, मग एक झुपका.

बाबा मला भोंगा म्हणायचे. जन्मले तेव्हा इतकी रडले की नर्सबाई म्हणाल्या होत्या, घ्या, तुमच्या इंजिनाची शिट्टी आली. पुढे शाळेत गेल्यावर माझा आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. सातवीपर्यंत मी शेवटच्या बाकावर वहीत तोंड खुपसून बसायचे. या वर्षी तो परत आला. सकाळच्या प्रार्थनेला सूचना मी वाचते, वक्तृत्वात नाव दिलं, वर्गातली भांडणं सोडवते, क्वचित लावतेसुद्धा. आणि नेमका याच वर्षी बाबांचा आवाज गेला. आमच्या घरात एका वेळी एकच आवाज मावतो की काय, असं मला वाटायचं. भोंगा म्हणायचं त्यांनी बंद केलं होतं. काहीच म्हणत नव्हते. चाळणी धर, एवढंच.

एकदा विज्ञानाच्या बाईंनी जडत्वाचं उदाहरण विचारलं. सगळ्यांनी बसमध्ये धक्का बसतो तेच सांगितलं. मी उभी राहिले आणि सांगितलं की भरलेली गाडी ब्रेक लावल्यावर थांबत नाही. ती थांबायला लागते. ड्रायव्हरच्या हातात जे असतं ते त्याने केलेलं असतं, आणि मग त्याला नुसतं बसून बघावं लागतं. फळ्यावर आकृती काढली, बाण दाखवले. मागून एक मुलगा हळूच म्हणाला, "म्हणून ती बाई मेली का?"

मी वळून मोठ्यांदा म्हटलं, "हो. म्हणूनच."

बाईंनी मला बसायला सांगितलं, त्या मुलाला बाहेर काढलं. मैत्रिणी नंतर म्हणाल्या, कसली बोललीस गं. मला वाटलं होतं की असं काही बोलले की छातीत धडधडेल, रडू येईल, निदान राग तरी येईल. काहीही झालं नाही. डबा खाल्ला, पूर्ण खाल्ला.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं, आकृतीसकट. ते चाळत होते. माती खाली पडत होती, बारीक, एकसारखी.

"बाण उलटा नाही ना काढलास?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग बरोबर आहे."

सहायक काकांना आम्ही शिट्टीकाका म्हणतो. शिट्टीच्या दट्ट्यावर त्यांचा हात नेहमी जरा जास्तच असतो. रुळापासून शेताच्या पलीकडे एखादी म्हैस दिसली तरी वाजवतात, असं बाबा सांगायचे. ते केव्हाच कामावर परत गेले होते, दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर. सुट्टी असली की आमच्याकडे यायचे, आणि आले की खोलीत जरा हवा यायची. एका रविवारी ते डास मारायची रॅकेट घेऊन आले.

"दादा, याच्यातनं गवत उगवतं," त्यांनी जाहीर केलं. रॅकेटमधली वायर काढून ती धातूच्या गाळणीला जोडायची, दुसरी वायर ओल्या गोंदात खोचलेल्या खिळ्याला. गाळणीत कातरलेले नायलॉनचे तंतू भरून बटण दाबलं आणि हलवलं, की खाली पडणारा प्रत्येक तंतू विजेने उभा राहतो. आडवं पडलेलं गवत खोटं दिसतं, उभं राहिलं की खरं.

"भाऊजी, माझी चहाची गाळणी तेवढी सोडा," आई आतून म्हणाली.

"वहिनी, नवी आणतो की."

"मागे मिक्सरचं भांडंही नवं येणार होतं." त्या भांड्यात काकांनी झाडांसाठी स्पंज दळला होता.

काकांनी बटण दाबलं आणि भलतीकडेच हात लावला. एकदम मागे उडाले, डोक्यावरचे उरलेसुरले केस उभे. आई तोंडावर पदर धरून हसायला लागली, मी जमिनीवर बसले, काका स्वतःच म्हणाले, "बघा, चालतंय, डोक्यावरपण उगवलं." बाबा हसले नाहीत. त्यांनी काकांच्या हातातून गाळणी घेतली, खिळा गोंदात खोचला, आणि पट्ट्यावरून ती अशी सावकाश नेली की जणू आयुष्यभर तेच करत होते. मागोमाग गवत उभं राहत गेलं. खरंच उभं. आम्ही सगळे वाकून बघत होतो.

मग गोंद ओला होता तोवर त्यांनी बोटाच्या टोकाने मधलं गवत थोडं थोडं दाबलं, एका ओळीत, दाराच्या या टोकापासून त्या टोकाकडे.

"ते कशाला?" मी विचारलं. "आत्ता तर उभं केलं."

"चाललं की दबतं," बाबा म्हणाले.

काकांचं हसू गेलं. ते त्या पट्ट्याकडे बघत होते, जळकं गवत, चेपलेला डबा, निळी चिंधी, पिवळी फुलं. एकेकावर त्यांची नजर थांबत गेली. मग त्यांना काहीतरी काम आठवलं आणि चहा न घेता निघून गेले.

पट्टा पूर्ण झाला, एक तुकडा सोडून. दाराच्या दुसऱ्या टोकाजवळ, रुळाला लागून, माझ्या तळहाताएवढी जागा कोरी होती. नुसतं लाकूड. मला वाटलं, विसरले.

"बाबा, इथे काय टाकायचं?"

"तिथलं माहीत नाही."

"मग काहीपण टाकू. गवत टाकू."

"माहीत नाही ते कसं टाकायचं?" असं म्हणून त्यांनी गोंदाच्या बाटलीचं झाकण लावलं.

आणि सोमवार जवळ आला होता. सोमवारी बाबांना मोठ्या साहेबांसमोर आणि डॉक्टरांसमोर बसायचं होतं. ते विचारणार, तुम्ही परत लाइनवर जायला तयार आहात का. हो म्हटलं तर पुन्हा लांबच्या गाड्या. नाही म्हटलं तर स्टोअरमध्ये टेबल, किंवा यार्डात रिकामे डबे इकडून तिकडे ढकलणारं इंजिन. यार्डाला ड्रायव्हर लोक पांजरपोळ म्हणतात. शिट्टीकाका आईला सांगत होते, वहिनी, दादा यार्डात? अहो, वाघाला कुणी मांजरासारखं उंदरामागे धाडतं का? मला तर शंकाच नव्हती. मला माझे आधीचे बाबा हवे होते, पहाटे ड्यूटीची लोखंडी पेटी उचलून निघणारे, दोन दिवसांनी काळपट कॉलर घेऊन येणारे आणि आल्या आल्या, भोंगा, काय बातमी, असं विचारणारे. माझं गणित सोपं होतं. जमीन पूर्ण झाली की बाबा गाडी चालवतील. इथे चालवली की तिथेही चालवतील. आणि अडलं होतं ते तळहाताएवढ्या लाकडापाशी.

शनिवारी आई सोमवारसाठी गणवेशाच्या शर्टाला इस्त्री करत होती. "तीन होते," ती म्हणाली. "एक सापडतच नाही. कॉलर उलटी करून दिली होती मी त्याची, चांगला होता." बाबा खिडकीशी बसले होते. त्यांनी ऐकलं असावं.

रविवारी सकाळी मी शिट्टीकाकांना गाठलं. म्हटलं, मला ती जागा दाखवा. काका नाहीच म्हणाले. मी म्हटलं, मग मी एकटी जाते. ते म्हणाले, तू खरंच भोंगा आहेस, आणि स्कूटर काढली. मी बरोबर एक रिकामी बरणी घेतली होती. तिथल्या जमिनीवर काय आहे ते बघायचं, जमलं तर बाजूची चिमूटभर माती आणायची, बाबांना माहीत नाही ते सांगायचं, आणि काम संपवायचं.

काकांनी मला रुळांजवळ जाऊ दिलं नाही. लोकांसाठीच्या पुलावर नेलं. तिथून लाइन सरळ दिसते, दोन्ही बाजूंना कुंपण, पलीकडे कारखान्याची भिंत. काकांनी बोट दाखवलं, मग बोट खाली आलं.

खाली सगळं नवं होतं. खडी पांढरीशुभ्र, नुकती ओतलेली. दोन्ही बाजूंची गटारं उपसलेली, कडा यंत्राने तासलेल्या, कच्च्या लाल मातीच्या. एक गवताची काडी नव्हती. जळकं गवत नाही, फुलं नाहीत, डबा नाही.

"मशीन येऊन गेलं वाटतं," काका म्हणाले. "हे करतातच अधूनमधून."

मी कठड्याला टेकून उभी राहिले. बरणी हातातच होती. मग विचारलं, "काका, ती होती तिथे खाली काय होतं? म्हणजे गवत की खडी?"

"मला नाही माहीत गं. मी गेलोच नाही." ते लाइनकडे बघत बोलत होते. "माझे पाय चालेनात. दादा म्हणाले, तू इंजिनात थांब. एकटेच मागे चालत गेले. मी खिडकीतून बघत होतो. खाली बघत गेले. नुसतं पायाखाली बघत. खूप लांब जायचं होतं."

खालून एक मालगाडी गेली. पूल थरथरला. काकांनी ती जाईपर्यंत वाट पाहिली.

"आले तेव्हाही खालीच बघत आले. अंगात बनियन होता. मी म्हटलं, दादा, शर्ट? तर म्हणाले, तिच्यावर आहे."

येताना रिकामी बरणी मी मांडीत धरून बसले.

घरी बाबा दाराशेजारी स्टुलावर बसले होते. आई आत भांडी लावत होती. मी रिकामी बरणी टेबलावर ठेवली आणि सांगितलं की मी तिथे गेले होते. मला वाटलं ओरडतील. त्यांनी बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तिथे काही नाही बाबा. सगळं काढून टाकलंय. नवी खडी घातलीय."

"फुलं?"

"नाहीत."

"कडेचं गवत? जळलेलं?"

"माती तासून नेलीय. दोन्ही बाजूंची."

बाबांनी दारावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून आठवून आठवून ठेवलेली ती जमीन आता जगात फक्त आमच्या न्हाणीघराच्या दारावर उरली होती.

बाबा उठले. खोकं उघडलं, इंजिन काढलं, चाकं फडक्याने पुसली, रुळावर ठेवलं. मागे तीन डबे जोडले. वायर लावल्या. वेग कमीजास्त करायचं बटण हातात घेऊन ते परत स्टुलावर बसले, पाठ सरळ, ड्यूटीवर बसतात तसे.

गाडी निघाली. माझ्या पोपटी बाजूने वळून, विहिरीच्या मागून, त्यांच्या पट्ट्याशी आली. उभ्या गवताशेजारून, डब्याशेजारून, पिवळ्या फुलांशेजारून. वेग चांगलाच होता. दुसऱ्या टोकाला ते कोरं लाकूड होतं.

"भोंगा," बाबा म्हणाले. "वाजव."

मी शिट्टी वाजवली. तोंडाने, जशी यायची तशी, लांबलचक. आवाज खोलीत भरून राहिला आणि आई भांडी पुसायचं फडकं हातात घेऊन दारात आली. बाबांनी बटण शून्यावर फिरवलं.

गाडी थांबली. जागच्या जागी. ना धक्का, ना घसरणं. खेळण्यातली गाडी आहे ती, वीज गेली की थांबते.

बाबा खाली वाकले. इंजिनाचं नाक आणि कोरं लाकूड यांच्यामध्ये त्यांनी बोट घालून पाहिलं. बोट मावलं.

"थांबली," ते म्हणाले.

मी शिट्टी बंद केली तेव्हा माझ्या लक्षात आलं की तोवर मी वाजवतच होते.

सोमवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि दुपारी परत आले. हातपाय धुतले, पाटावर बसले. आईने ताट वाढलं आणि काही विचारलं नाही. मी विचारलं.

"यार्ड मागितलं," बाबा म्हणाले.

साहेबांनी विचारलं होतं, तयार आहात का. बाबा हो म्हणू शकले असते. डॉक्टरांचीही हरकत नव्हती म्हणे. साहेबांनी दोनदा समजावलं, पगारात फरक पडेल, मान कमी होईल. आई हे सगळं ताटाकडे बघत ऐकत होती.

"पण का?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "तुमची काही चूक नव्हती बाबा."

"नव्हती," ते म्हणाले. त्यांनी घास घेतला, चावला, गिळला. "यार्डात समोर एक माणूस बावटा घेऊन उभा असतो. त्याने हात वर केला की मी थांबणार. आणि थांबता येतं."

संध्याकाळी शिट्टीकाकांचा फोन आला. बाबा फक्त हं, हं करत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तू मात्र वाजवत जा. म्हशीला बघूनसुद्धा." मग त्यांनी ड्यूटीची लोखंडी पेटी पुसली. यार्डात पेटी लागत नाही, रोज घरीच यायचं असतं. आईने स्टूल धरलं आणि पेटी माळ्यावर गेली, माझ्या आगगाडीचं खोकं होतं त्या जागी.

आता बाबा रोज ठरल्या वेळी येतात. काय बातमी, असं विचारत नाहीत, पण मी सांगते तेव्हा ऐकतात. अजून फार हसत नाहीत. दार दोन स्टुलांवर तसंच आहे. माझं तळं अजून चिकटतं. दाबलेलं गवत दबलेलंच आहे. गाडी त्या दिवशी थांबली तिथे उभी आहे, आम्ही कुणी ती पुढे नेली नाही आणि मागेही घेतली नाही.

आई सकाळी कामावर जायच्या आधी खोलीतली धूळ झटकते. गाडी उचलत नाही, तिच्या भोवतीनं फडकं फिरवते. मग पुढचं ते कोरं लाकूड पुसते, कोपऱ्यापर्यंत, बोटाला फडकं गुंडाळून. ते लाकूड आता गुळगुळीत झालंय.